बंदूक घरी दुरुस्त करायची नाही, मग करायची कुठे?

खंडेनवमीला माझ्या मामाच्या घरी देवघरासमोर अवजारांची पंगत बसते. विळा, कुऱ्हाड, मोटारीचा पाना, मामीची विळी, माझा लॅपटॉप, आणि शेवटच्या पाटावर आजोबांची बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी दसरा झाला की विळा शेतात जातो, विळी स्वयंपाकघरात जाते, लॅपटॉप माझ्यासोबत पुण्याला येतो. बंदूक मात्र परत कपाटात जाते. गेली चार वर्षं ती फक्त पूजेपुरती उरली आहे, कारण ती बिघडली आहे.

मामाचं गाव माहूरजवळ, पैनगंगेच्या अंगाला. माहूरला शस्त्राचं अप्रूप नाही. रेणुकामातेचा मुलगा परशुराम, त्याच्या नावातच परशू आहे. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांसमोर मोगलांच्या बाजूने उभी राहिलेली रायबागन ही माहूरच्या देशमुखांचीच. तिकडे नांदेडला हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं आजही जपून ठेवलेली आहेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात शस्त्र पुजायला माणसं भरपूर आहेत. शस्त्र नीट करून देणारा माणूस शोधायला गेलो, तेव्हा मात्र आमची वाट लागली. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी बंदुकीबद्दल. बारा बोअरची, पाच काडतुसांची, बेल्जियमची सेमी-ऑटोमॅटिक. आजोबांनी साठच्या दशकात हैदराबादच्या एका दुकानातून घेतली होती. आजोबांनंतर मामाने वारस म्हणून रीतसर अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली, परवाना नावावर झाला. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या शेजारी.

ही रचना जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराची. त्याचं विंचेस्टर कंपनीशी जुनं नातं होतं, पण या बंदुकीवर त्याने प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली आणि तिथेच बिनसलं. मग तो डिझाइन घेऊन बेल्जियमला गेला, आणि १९०२ पासून तिथल्या एफएन कारखान्यात ती बनू लागली. तत्त्व साधं आहे. बार उडाला की त्याच्या धक्क्याने नळी आणि बोल्ट दोन्ही मागे येतात, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, आणि स्प्रिंगा सगळं परत पुढे नेताना नवं काडतूस नळीत बसवतात. बार उडवायला प्रत्येक वेळी चाप वेगळा ओढावा लागतो, म्हणून 'सेमी'. सव्वाशे वर्षांपूर्वी, संगणक तर सोडाच, कॅल्क्युलेटरसुद्धा नसताना कुणीतरी हे डोक्यात जुळवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आमच्या बंदुकीचे बिघाड दोन. पहिला, रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकतं. दुसरा जास्त वाईट. बोल्ट जोरात पुढे आला की कधी कधी चापाला हात न लावता आतला घोडा सुटतो. मामाला हे कळलं तेव्हा नळी रिकामी होती आणि तिचं तोंड आभाळाकडे होतं. मामाने बंदूक पुसली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मामीकडे दिली. माझ्या मते त्या घरात त्या वर्षी घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

शहाणपण नव्हतं ते माझ्याकडे. मी इंजिनिअर. बिघडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. फोनचा डिस्प्ले मी स्वतः बदलतो, मिक्सरचं कार्बन ब्रश मी बदललंय, मामाच्या फवारणी पंपाची बॅटरी मीच जोडली. दिवाळीच्या सुट्टीत चार रात्री जागून मी या बंदुकीवरचे व्हिडिओ पाहिले. अमेरिकेतला कुठलासा काका गॅरेजमध्ये बसून, कॉफी पीत, हसत हसत सगळी बंदूक टेबलावर पसरतो आणि नवे पार्ट टाकून परत जोडतो. त्याचे सुटे भाग कुरिअरने येतात. आपल्याकडे येत नाहीत. सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली, तेव्हापासून देशात आहेत त्या जुन्या बंदुका हातोहात फिरतात, आणि त्यांचे सुटे भाग त्यांच्याहून दुर्मीळ आहेत. मी म्हटलं, मिळत नाही तर बनवू. झिजलेल्या भागाचं कागदावर ड्रॉइंग काढलं आणि तालुक्यातल्या एका लेथवाल्याकडे गेलो.

त्याने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हे कशाचं हाय?"

मी खरं सांगितलं. त्याने कागदाची घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली. "ट्रॅक्टरचं आण, मोटारीचं आण, रसवंतीचं आण. हे नको. ट्रॅक्टरचं काम फसलं तर गिऱ्हाईक येऊन शिव्या देतं. ह्याच्यात फसलं तर शिव्या द्यायलाबी कोणी ऱ्हात नाही."

दहावी नापास माणसाने इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्याला सेफ्टीचा पहिला धडा दिला. मी घरी येऊन आर्म्स ॲक्ट उघडला. तो आधी उघडायला हवा होता.

१९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं यांपैकी काहीही करता येणार नाही. दुरुस्ती हा शब्द निर्मितीच्याच रांगेत बसलेला आहे. शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे मी खिशात घेऊन फिरत होतो त्या कागदावरचा बोटभर तुकडा लेथवर उतरला असता, तर तो कायद्याच्या लेखी शस्त्रच ठरला असता. शिक्षा? २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५ प्रमाणे किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदूक ठेवायचा मामाचा परवाना म्हणजे बंदूक दुरुस्त करायचा परवाना नव्हे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तेल-पाणी, पुसापुशी ठीक. त्यापुढे हात लावायचा नाही.

मी हे ऑफिसमधल्या मित्रांना सांगितलं तेव्हा दोन तट पडले. दोन्ही तटांशी मला भांडायचं आहे. आणि मग तिसऱ्याशी.

पहिला तट 'राइट टू रिपेअर'वाल्यांचा. मी स्वतः याच तटातला. वस्तू विकत घेतली म्हणजे ती उघडायचा, दुरुस्त करायचा हक्क माझा, कंपनीचा नाही, हे मला शंभर टक्के पटतं. अमेरिकेतले शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर उघडायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं झगडताहेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. तिने विचारासाठी चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. मित्रांचा प्रश्न असा की या यादीत परवान्याची बंदूक का नको? माझी बंदूक, माझा परवाना, माझा स्क्रूड्रायव्हर.

उत्तर असं की फोन दुरुस्त करताना चुकलं तर माझा फोन मरतो. बंदूक दुरुस्त करताना चुकलं तर समोर जो असेल तो मरतो, आणि त्याने माझ्या राइट टू रिपेअरवर सही केलेली नसते.

हे भावनिक वाटत असेल तर ब्राउनिंगच्याच गोष्टीचा उरलेला भाग ऐका. ब्राउनिंग गेल्यावर विंचेस्टरलाही स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन हवी होती. पण ब्राउनिंगची पेटंटं आडवी येत होती. बोल्ट मागे ओढायला बाजूला एक साधी मूठ असावी, तर तीही पेटंटमध्ये. मग १९११च्या मॉडेलमध्ये ती मूठच काढली आणि नळी हाताने मागे ढकलून बंदूक भरायची असं ठरवलं. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवायचे आणि नळी वरून खाली दाबायचे. नळीचं तोंड कुठे? दाबणाऱ्याच्या तोंडासमोर. त्या बंदुकीचं टोपणनाव पडलं 'विडोमेकर', बायकांना विधवा करणारी. लक्षात घ्या, हे जगातल्या नामांकित कारखान्यातल्या पगारी इंजिनिअरांचं डिझाइन होतं. बदल एका मुठीचा होता. आणि मी निघालो होतो घोडा अडवून धरणारा भाग कागदावर पट्टीने मोजून बनवायला.

आपल्या धंद्यात चूक झाली की आपण रोलबॅक करतो. आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो, मग प्रॉडक्शनवर टाकतो. बंदुकीच्या जगातही टेस्ट सर्व्हर आहे, त्याला प्रूफ हाउस म्हणतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. तिथे बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालतात, माणूस लांब उभा राहतो, आणि बार उडवतात. टिकली तर नळीवर शिक्का. नाही टिकली तर ती तिथेच फुटते, कुणाच्या गालाजवळ फुटत नाही. गॅरेजातल्या काकाकडे कॉफी आहे, शिक्का नाही. घरची दुरुस्ती म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग, आणि प्रॉडक्शन म्हणजे मामाचा खांदा.

तेव्हा पहिल्या तटाला माझं उत्तर स्पष्ट आहे: घरी नाही. ड्रॉइंग मी फाडून टाकलं.

दुसरा तट त्याहून सोपं बोलतो. "मग ठेवायची कशाला? जमा करून टाका. एकविसाव्या शतकात शेतकऱ्याला बंदूक कशाला हवी?" हे वाक्य मला बाणेरच्या बाराव्या मजल्यावर ऐकायला मिळालं. तिथे रात्री फक्त डिलिव्हरीवाला येतो. मामाच्या शेतात रात्री रानडुकरं येतात आणि रोही येतात. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी घोड्याएवढं जनावर. डुकरं ज्वारी खातात त्याहून जास्त लोळवतात. रोह्यांचा कळप तुरीतून गेला की सकाळी शेतात शेंडे शोधावे लागतात. मामा चार महिने मचाणावर झोपतो. हातात टॉर्च, शिट्टी, डबा, आणि दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. डुकरांना आता डब्याची सवय झाली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याखाली येतात. बंदूक आहे म्हणून वाटेल ते मारता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. मामाने आयुष्यात या बंदुकीने काढलेले बहुतेक बार आभाळात काढले आहेत. कळप पळवायला एक बार पुरतो. आणि ही गरज माझ्या मामाची कल्पना नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना १९५९ मध्ये शेत दिसत होतं. केरळने तर २०२२ मध्ये रानडुकरांबाबत परवानगी द्यायचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला, आणि ते काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडून करून घेण्याची सोय केली.

आणि बंदूक जमा केली तर त्या जागी काय येतं, हे बाराव्या मजल्यावरून दिसत नाही. त्या जागी तार येते. शेताभोवती उघडी तार ओढायची आणि रात्री तीत खांबावरचा करंट सोडायचा. तारेला डुक्कर कोण आणि माणूस कोण, ते कळत नाही. अशा तारांना चिकटून विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी मेलेत, सालगडी मेलेत, बैल मेलेत, वाघही मेलेत. २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा वाघ पुढे 'वॉकर' म्हणून प्रसिद्ध झाला. पैनगंगेच्या जंगलातून, शेताशेतांतून तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. आपण सगळ्यांनी त्याचे नकाशे शेअर केले. त्या नकाशावरच्या प्रत्येक शेतात तार असू शकत होती. आभाळात काढलेल्या बाराने वॉकरला काही झालं नसतं.

म्हणजे घरी दुरुस्ती नको, आणि बंदूकही जाऊ नये. मग राहतो तिसरा तट. त्याच्याशी माझं खरं भांडण आहे, आणि तो तट म्हणजे सरकार.

कायद्याने दुरुस्तीला निर्मितीच्या रांगेत बसवलं, हे मी वर मान्य केलं. पण ज्याने दार बंद केलं त्याने खिडकी दाखवायला नको का? मामाने विचारपूस केली. आमच्या तालुक्यात दुरुस्तीचा परवाना असलेला मिस्त्री त्याला मिळाला नाही. जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरवर. आदिलाबाद त्याहून जवळ, पण ते तेलंगणात, आणि मामाच्या परवान्याची हद्द महाराष्ट्रात संपते. कुणी म्हणालं नागपूरला विचारा. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळाला तर बघू, बंदूक घेऊन या. बिघडलेली बंदूक, कागदांची पिशवी आणि साठीतला माणूस, एसटीने, 'बघू' या शब्दासाठी. मामा गेला नाही. तुम्ही गेला असता?

आता हे फक्त माझ्या मामाचं असेल असं समजू नका. ज्याची दुनळी बिघडली, ज्याची ठासणीची गंजली, तो प्रत्येक परवानाधारक या चौरस्त्यावर उभा आहे. काही जण बंदूक कपाटात ठेवतात. काही जण तशीच वापरतात. आणि काही जणांना माझ्या लेथवाल्यासारखा शहाणा माणूस भेटत नाही. जी चोरटी घरगुती दुरुस्ती थांबवायला जन्मठेपेची तरतूद केली, तिच्याकडे माणसाला ढकलायचं कामही हीच व्यवस्था करते.

याची मोठी आवृत्ती पाहायची असेल तर बिहारमधल्या मुंगेरकडे पाहा. अठराव्या शतकात मीर कासिमने तिथे राजधानी नेली आणि शस्त्रांचे कारखाने उभे केले. ती कला पिढ्यानपिढ्या टिकली, स्वातंत्र्यानंतर तिथे परवान्याने बंदुका बनत राहिल्या. मग परवान्याचं काम आटत गेलं. हातातली कला आटली नाही. आज मुंगेर हे नाव बातमीत येतं ते बेकायदा कट्ट्यांसाठी. आपल्याकडेही शिकलगार होते. हा शब्दच 'सैकल' वरून आला, म्हणजे पात्याला झळाळी देणं. त्या समाजाचं नाव आज बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये वाचायला मिळतं. कारागिराला परवाना, प्रशिक्षण आणि पाटी द्या, तो गिऱ्हाइकाची वही ठेवील. काही देऊ नका, तो वही न ठेवता काम करील.

मी कोड लिहिणारा माणूस. नुसती तक्रार करून इश्यू बंद होत नाही, म्हणून माझ्या मागण्या लिहितो.

एक: बंदुकीची पीयूसी करा. निवडणुका आल्या की आचारसंहितेत परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, एकाच वर्षात दोनदा ही वेळ आली. एरवी जे जमवायला मोहीम लागली असती, ते आयतं एका खोलीत जमतं. पोलीस दलाकडे स्वतःचे आर्मोरर असतात. त्यांतला एक त्या काळात तालुक्याला पाठवा. प्रत्येक बंदूक तपासा आणि चिठ्ठी द्या: चालू, दुरुस्तीयोग्य, निकामी. स्कूटरच्या धुराची तपासणी करणाऱ्या राज्याने बंदुकीच्या चापाची करायला काय हरकत आहे?

दोन: ज्या बंदुकांवर 'दुरुस्तीयोग्य' लिहिलं, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा तालुक्याला परवानाधारक मिस्त्रीचं शिबिर घ्या. डोळे तपासायचं शिबिर होतं, जनावरांच्या लसीकरणाचं होतं, तसं. पैसे मामा देईल.

तीन: आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट शिकतात. त्यांतल्या निवडक मुलांना, पूर्ण चौकशी करून, बंदूक दुरुस्तीचं प्रशिक्षण आणि परवाना द्या. सरकारी शस्त्र कारखान्यांनी त्यांना शिकवावं आणि आपल्या बंदुकांचे सुटे भाग नोंद करून त्यांनाच विकावेत. आणि 'निकामी' चिठ्ठी मिळालेल्या बंदुका सन्मानाने निवृत्त करायची सोपी सोय ठेवा. आजोबांची आठवण भिंतीवर राहील, धोका राहणार नाही.

यातलं काहीही कायदा सैल करत नाही. उलट आज ज्या बंदुकीची स्थिती कुणालाच ठाऊक नाही, तिची नोंद होते. परवान्यावर बंदुकीचा नंबर आहे, मालकाचा फोटो आहे, काडतुसांचा हिशेब आहे. ती बंदूक चाप न ओढता सुटते, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त मामाला, मामीला आणि मला माहीत आहे. आता तुम्हालाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. गोठ्यात कडब्याच्या गंजीमागे उघड्या तारेचं एक नवं भेंडोळं दिसलं. मी मामाकडे पाहिलं. मामाने नजर चुकवली आणि म्हणाला, "आणून ठेवलंय नुसतं. लावलं नाही."

"मामा, लावू नका."

"मग तुरीचं काय करू, ते सांग."

मी एवढा मोठा लेख लिहिला, पण त्या वेळी गोठ्यात मला उत्तर देता आलं नाही. तूर आता शेंगेवर येते आहे. बंदूक कपाटात आहे, तार गोठ्यात आहे, आणि दोन्हींच्या मध्ये एक मिस्त्री हवा आहे. या वर्षी कोणीतरी तो द्या.